रिकर्व्ह घेऊन माउंटन गोटच्या मागे: अडीच महिन्यांत काय तयारी करावी?

तू विचारलंस ते थोडक्यात असं: कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या स्कीना विभागात माउंटन गोटचा, म्हणजे कड्यांवर राहणाऱ्या पांढऱ्या, शेळीसारख्या रानटी जनावराचा परवाना तुला सोडतीत लागला आहे. हंगामाला अडीच महिने आहेत. हातात 52 पौंड ओढीचा रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, कप्प्या नसलेलं धनुष्य आहे, तीन वर्षं नियमित सराव आहे, दोन म्यूल डिअर हरणं बाणानं मिळवली आहेत. आता धनुष्य जास्त ओढीचं घ्यावं का, पायांची तयारी कशी करावी, आणि किती अंतरावरून बाण सोडावा?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. पण मी अंतराचा आकडा सांगणार नाही, निदान इतक्यात नाही. त्याच्या आधीचा प्रश्न तू विचारलेला नाहीस, आणि तोच सगळ्यात मोठा आहे: बाण लागल्यावर बोकड कुठे पडेल?

हरणाला फुप्फुसात बाण बसला तर ते पन्नाससाठ मीटर धावतं आणि जंगलात आडवं होतं. तू थांबतोस, रक्ताचा माग काढतोस, सावज मिळतं. माउंटन गोट फारसा धावत नाही. पण धोका वाटला की त्याला कडा हवा असतो, कारण आयुष्यभर कड्यानंच त्याला लांडग्यापासून आणि अस्वलापासून वाचवलेलं असतं. बाण रक्तस्रावानं मारतो. बंदुकीच्या गोळीसारखा खांदा मोडून जनावराला जागेवर बसवत नाही. दोन्ही फुप्फुसांतून आरपार बाण गेला तरी बोकडाकडे दहापंधरा सेकंद असतात, आणि तेवढ्यात टाकलेली चार पावलं पुरतात.

माझ्या तिसऱ्या हंगामात मी हे शिकलो. बोकड माझ्या खाली सोळा मीटरांवर, एका अरुंद पायरीवर बसलेला होता. दोन तास पोटावर सरकत मी तिथवर पोचलो होतो. तो उठला, आडवा झाला, बाण जिथे हवा तिथेच लागला. तो पळालाही नाही. शांतपणे काठापर्यंत चालत गेला, तिथे पाय दुमडून बसला, आणि बसल्या बसल्याच घरंगळला. खाली नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ होती, शंभर मीटरहून खोल. अंधार पडायला तासभर होता. दुसऱ्या दिवशी सगळा डोंगर उतरून, खालून वळसा घालून, दोर लावून मी त्याच्यापर्यंत गेलो. एक शिंग मुळाशी तुटलेलं, आतडी फुटलेली, मागच्या दोन्ही मांड्या आणि एक खांदा वाया गेलेला. नेम चोख होता आणि निर्णय चुकीचा होता. त्या जनावराचं अर्धं मांस माझ्यामुळे सडलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: धनुष्याला हात लावायच्या आधी जनावराकडे न बघता त्याच्या भोवतीची वीस मीटर जमीन बघायची. तो वर गेला तर? डावीकडे, उजवीकडे गेला तर? खाली कोसळला तर कुठे अडकेल, आणि तिथवर मी आज उजेडात, दोराशिवाय पोचू शकतो का? यातल्या एका दिशेचं जरी उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं तरी बाण भात्यातच राहतो. मग वाट बघायची. सकाळ-संध्याकाळ ते चरायला पायऱ्या सोडून गवताळ उतारांवर, कधी कधी पार खोलगट कुरणात येतात. धनुष्याची शिकार तिथली. कड्यावर बसलेला बोकड कितीही जवळ असला तरी तो बंदूकवाल्याचाही नसतो, आपला तर नाहीच.

ही निवड आधी घरी, नकाशावर होते. उंचीच्या रेषा दाट असलेले काळे कडे सगळ्यांनाच दिसतात. तू शोध त्या कड्यांच्या माथ्यावरची पठारं आणि दोन सोंडांमधली हिरवी बशी, जिथे वितळत्या बर्फाचं पाणी उशिरापर्यंत असतं. नर मिळतो तो शिंग बघून नाही, जमीन निवडून.

वेळेबद्दल. परवाना नोव्हेंबरपर्यंत असला तरी तू सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. नोव्हेंबरात केस लांब, पांढरेशुभ्र होतात, माज असतो, नर दिवसभर हिंडतात, फोटो सुंदर येतात. पण तेव्हा नाळींत बर्फ गोठलेलं असतं, दिवस लहान असतो, आणि बोटं इतकी बधिरतात की दोरी सुटते कधी ते कळत नाही. सप्टेंबरात केस आखूड असतात, त्याचा आणखी एक फायदा पुढे सांगतो.

नर-मादीची ओळख आतापासून शिक. तुझ्या परवान्यात तसा भेद नसला तरी तू तो करायचा. शेळी साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी पहिल्यांदा विते, बहुधा एकच करडू देते, आणि त्यातली बरीच पहिला हिवाळा काढत नाहीत. एका डोंगरावरच्या लहान कळपातून दोन प्रौढ शेळ्या गेल्या तर तो कळप सावरायला वर्षं जातात. गंमत म्हणजे हे जनावर खरी शेळी नाहीच. युरोपातला शॅमॉय आणि हिमालयातला सेरो या डोंगरी जनावरांच्या गटात त्याला बरीच वर्षं धरत आले. माउंटन गोटच्या नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, काळी, वीस-पंचवीस सेंटीमीटरची, आणि शेळीची कधी कधी जास्त लांब असतात. म्हणून लांबी बघू नकोस. नराचं शिंग बुडाशी जाड, दोन्ही बुडं जवळजवळ, मधली फट डोळ्याच्या रुंदीपेक्षाही कमी वाटते, आणि बाक सुरुवातीपासून एकसारखा. शेळीची शिंगं बारीक, मध्ये चांगली फट, बरीचशी सरळ जाऊन टोकाला एकदम मागे वळलेली. शिंगामागे काळी ग्रंथी फुगलेली दिसली तर नर. लघवी करताना पाठीमागून बसली तर शेळी, पुढे ताणून उभा राहिला तर बोकड. ही खूण सगळ्यात खात्रीची आहे आणि तिच्यासाठी दुर्बिणीमागे तासभर बसावं लागलं तर बसायचं. एकटा किंवा दोघा-तिघांत हिंडणारा, पिवळट मळकट अंगाचा, तोच बहुधा आपला. करडांसोबतचा घोळका दिसला की तो डोंगर त्यांना सोडून पुढे जायचं.

आता पाय. तुझं लहानपण सह्याद्रीत गेलं, नाळेच्या वाटा तू उतरला आहेस, त्याचा इथे खरा उपयोग आहे: घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, पाय कसा टाकायचा, कातळाला पोट न लावता कसं उभं राहायचं, हे शरीराला एकदा कळलं की जात नाही. पण एक फरक लक्षात घे. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर घसरलास तर बहुतेक वेळा कारवीत अडकतोस. इथे झाडांची रेषा संपल्यावर अडकायला काही नाही. आणि त्या रेषेपर्यंत पोचायचं म्हणजे आधी अल्डरच्या झाडोऱ्याची जाळी आणि डेव्हिल्स क्लब नावाच्या झुडपाचे काटे. चामड्याचे जुने हातमोजे विसरू नकोस, नाहीतर दोरी ओढायच्या बोटांत काटे घेऊन वर पोचशील.

चढण्याची तयारी सगळेच करतात. मोडतो माणूस उतरताना. हाडं काढलेलं बोकडाचं मांस तीस-चाळीस किलो भरतं, कातडं आणि डोकं आणखी दहा-पंधरा, वर तुझा तंबू आणि सामान. दोघांत दोन फेऱ्या धरून चाल. म्हणून आठवड्यातून दोन दिवस पाठीवर वीस किलो घेऊन सहाशे मीटर चढ आणि तेच वजन घेऊन उतर. वजनासाठी नेलेलं पाणी वर ओतून देऊन हलक्या पाठीनं खाली येणारे मी खूप पाहिले; मांडीच्या पुढच्या स्नायूला उतरतानाच्या वजनाची सवय नसेल तर तिसऱ्या दिवशी गुडघे लटपटतात, आणि लटपटणारे गुडघे कड्यावर जीव घेतात. ऑगस्टमध्ये वजन तीस किलोपर्यंत ने. शेवटचा आठवडा विश्रांती. बूट आत्ताच घे, तळ कडक हवा, घोट्याच्या वर जाणारा, आणि या सगळ्या चढ-उतारांत तोच बूट घाल.

धनुष्य बदलू नकोस. ब्रिटिश कोलंबियात कायद्यानं किमान 40 पौंड लागतात, अलास्कात माउंटन गोटसाठी 50. तुझे 52 पुरेसे आहेत, अट एवढीच की ते तुझ्या ओढीच्या लांबीवर मोजलेले असावेत. धनुष्यावर छापलेला आकडा 28 इंचांच्या ओढीचा असतो. ओढ वाढवून जे मिळतं त्यापेक्षा जास्त गमावतोस. कप्प्या लावलेलं कंपाउंड धनुष्य वापरणाऱ्याला पूर्ण ओढल्यावर थोडंच वजन धरायचं असतं. आपल्याला सगळे 52 पौंड, म्हणजे तेवीस-चोवीस किलो, तीन बोटांवर धरायचे असतात, गारठलेल्या अंगानं, गुडघ्यावर बसून, एक पाय दगडाला रेटून. परीक्षा सोपी आहे: थंड पाण्यात दोन मिनिटं हात बुडव, जमिनीवर बस, पाय पुढे सोड, आणि धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ, हळू ओढ. जमलं तर ते तुझं धनुष्य.

बाण जड ठेव. ओढीच्या दर पौंडाला दहा ग्रेन हा जुना हिशोब आहे आणि तो मला पटतो. तुझ्यासाठी 520 ते 580 ग्रेन, म्हणजे 34 ते 38 ग्रॅम. जड बाणानं धनुष्याचा आवाजही कमी होतो, आणि हे महत्त्वाचं आहे. तुझा बाण सेकंदाला साधारण 53 मीटरनं जाईल. वीस मीटरांवर पोचायला त्याला सुमारे 0.38 सेकंद लागतात आणि दोरीचा आवाज त्याच्या फार आधी पोचलेला असतो. दोरीवर लोकरीचे गोंडे बांध. पातं दोन पाकळ्यांचं, जाड, टोकापासूनच कापत जाणारं असू दे. घडी उघडणारी पाती तुझ्या धनुष्यासाठी नाहीत. त्यांना उघडायला लागणारी ताकद तुझ्या बाणाकडे जादा नाही. धार हातानं लाव. धारेच्या दगडावर आणि मग चामड्यावर, हातावरचा केस न ओढता कापला जाईपर्यंत. किनारपट्टीच्या पावसात उघडं पोलाद एका रात्रीत गंजतं, म्हणून धारेवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरव आणि रोज संध्याकाळी तंबूत पुन्हा तपास.

पिसं हा पारंपरिक धनुष्याचा इथला खरा कच्चा दुवा आहे. भिजलेलं पीस चिकटून बसतं आणि बाण वाकडा जातो. टर्कीची पिसं जलरोधक पूड चोळून ने, वर प्लास्टिकची पिशवी रबरानं बांध, आणि दोन बाण पावसासाठी वेगळे ठेव, त्यांची पिसं जरा मोठी. घरी मुद्दाम बादलीत बुडवून ते कसे जातात ते बघ. दुसरी दोरी ने, पण कोरी नको; पन्नासेक बाण मारून ताणलेली, बाणाची खाच जिथे बसते तिथे खूण बांधलेली. तुझं धनुष्य तीन तुकड्यांत सुटतं हे उत्तम आहे, कारण चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. आणि भाता असा हवा की पाती पूर्ण झाकली जातील. घसाऱ्यावर आपल्याच उघड्या पात्यावर पडणं यासारखी दुसरी वाईट गोष्ट तिथे नाही, दवाखाना दोन दिवसांच्या अंतरावर असताना.

सरावाबद्दल जरा थांबून वाच. तू मैदानात, सपाटीवर, उभा राहून, एकामागून एक सहा बाण मारतोस. डोंगरावर यातलं काहीच नसतं. आजपासून रोज सकाळी उठल्यावर एकच बाण. हात गरम न करता. त्या दिवशीचा तोच बाण मोजायचा, वहीत लिहायचा. संध्याकाळी पाहिजे तेवढा सराव कर, तो मोजायचा नाही. जागा रोज बदल: गुडघ्यावर, बसून, पाठीवर पिशवी असताना, डावा पाय खाली उजवा वर, धनुष्य तिरकं धरून. खालचं टोक दगडावर आपटलं तर बाण कुठेही जातो, म्हणून बसण्याआधी धनुष्याच्या खालच्या टोकाभोवती वीतभर जागा मोकळी आहे का हे हातानं चाचपण्याची सवयच लाव.

उतारावरचा नेम वेगळा. धड आणि धनुष्याचा हात यांच्यातला काटकोन कायम ठेवायचा: आधी सपाटीवर असल्यासारखं ओढायचं आणि मग कमरेतून वाकायचं. नुसता हात खाली केलास तर ओढ दीड-दोन इंचांनी कमी होते. आणि गुरुत्वाकर्षण आडव्या अंतराचंच मोजतं. 45 अंशांच्या उतारावर नजरेचे वीस मीटर म्हणजे आडवे फक्त चौदा. तू वीसचा नेम धरलास तर बाण सुमारे वीस सेंटीमीटर वर जाईल, म्हणजे पाठीवरून. 30 अंशांत वीसचे सतरा. वर मारतानाही हाच हिशोब. आकडे पाठ करून डोंगरावर उपयोग नाही. घराजवळच्या उतारावर चढून, झाडाच्या बुंध्याला टेकवलेल्या पोत्यावर बोथट टोकांचे बाण इतके मार की डोळ्यालाच ते कळेल.

आता अंतर. नाश्त्याची बशी, वीस सेंटीमीटरची. सकाळचे ते पहिले बाण, तिरक्या जागेवरून, ज्या अंतरावर दहातले नऊ त्या बशीत बसतात, ते तुझं अंतर. वहीच ते सांगेल. बहुतेकांचं पंधरा-सोळा मीटर निघतं, काहींचं बारा. वहीतला आकडा पंधरा असेल आणि बोकड अठरावर असेल तर तो अठरावर आहे, एवढंच.

बाण कुठे लावायचा यात माउंटन गोट फसवतो. खांद्यावरचा उंचवटा मणक्याच्या लांब हाडांचा आणि केसांचा असतो, त्यात फुप्फुस नाही. छातीखाली लोंबणाऱ्या केसांतही काही नाही. पांढऱ्या बाह्यरेषेच्या मध्यावर नेम धरलास तर तो वर बसतो. डोळ्यानं केस काढून टाकायला शिक. सप्टेंबरात हे सोपं जातं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वरच्या कडेशी. आणि तू जर बराच वरून मारत असशील तर बाण कुठे शिरतो यापेक्षा कुठून निघतो ते बघ: निघण्याची जागा पलीकडच्या काखेजवळ हवी, म्हणजे शिरण्याची जागा तेवढी वर सरकते. फार उभ्या कोनात एकच फुप्फुस कापलं जातं, आणि एका फुप्फुसावर हे जनावर सगळा डोंगर ओलांडतं. तसा कोन असेल तर बाण सोडू नकोस. अंगात याच्यासारखा चिवटपणा मी दुसऱ्या कुठल्या जनावरात पाहिला नाही.

जवळ जाणं त्या मानानं कमी अवघड आहे, हे ऐकून तुला आश्चर्य वाटेल. त्याची नजर खाली असते, कारण त्याचे शत्रू खालून येतात. म्हणून वरून जायचं. सकाळी ऊन पडेपर्यंत गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की उलटते आणि वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. वरून उतरणाऱ्यासाठी साडेदहा-अकरापासून दुपारपर्यंतची हवा चांगली, ती तुझा वास वर उचलते. बोकडही तेव्हा रवंथ करत बसलेला असतो. पण मघाचा नियम इथे आठव: तो बसतो पायरीवर, आणि पायरीवर मारायचं नाही. म्हणजे दुपारी वर पोचून, वारा सांभाळून, तो उठून कुरणाकडे निघेपर्यंत तीनचार तास दगडामागे पडून राहायचं. गारठा तेव्हाच लागतो. गरम कपडे पिशवीच्या तळाशी ठेवू नकोस. खायला डिंकाचे लाडू आणि गूळ-शेंगदाणे ने. चकाकणारी, कुरकुरणारी पाकिटं नकोत. मघाशी हवा उलटण्याचं सांगितलं ते संध्याकाळी तुझ्या विरुद्ध जातं, म्हणून तो निघायची वेळ झाली की तू त्याच्या थेट वर नसावास, आडवं सरकून त्याच पातळीवर बाजूला आलेला असावास. धुक्यात यातलं काही चालत नाही. धुकं आलं की जिथे आहेस तिथे बस.

वरून डोंगर ओळखू येत नाही, ही नवख्याची सगळ्यात मोठी अडचण. समोरच्या सोंडेवरून दुर्बिणीतून तुला बोकड, त्याच्या डावीकडचा फुटका सुळका, वरचा बर्फाचा पट्टा सगळं स्वच्छ दिसतं. तीन तासांनी तू त्याच्या डोक्यावर पोचतोस आणि तिथून फक्त गोल होत जाणाऱ्या कडा दिसतात. म्हणून निघण्याआधी समोरून फोटो काढ आणि वहीत चित्रही काढ. चित्र काढताना डोळा जे बघतो ते फोटो काढताना बघत नाही. अशा दोन खुणा निवड ज्या वरूनही दिसतील. सुटलेल्या एखाद्या दगडाला ते घाबरत नाहीत, दगड तिथे रोजच पडतात. धातूच्या काठीची एकसारखी टकटक मात्र त्यांना कळते. काहीजण पांढरे रंगाऱ्याचे डगले घालून जनावरासारखे सरकतात. ते चालतं हे खरं, पण त्याच डोंगरावर कुणी बंदूकवाला असू शकतो. मी घालत नाही आणि तूही घालू नकोस.

एकटा जाऊ नकोस. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र अंगावर ठेव, पिशवीत नव्हे. ‘इथून चढता येईल’ हे पुरेसं नसतं, ‘इथून उतरता येईल’ हे आधी बघायचं. आणि पाऊस लागला, कातळ काळा झाला, की शिकार त्या दिवसापुरती संपली. हेलिकॉप्टरनं शिकाऱ्यानं डोंगरावर उतरणं इथे बेकायदेशीर आहे, तेव्हा जे पायांनी गाठशील तेवढंच तुझं.

जनावर पडल्यावर कातडं लगेच काढ. ते हिवाळ्यासाठी बनलेलं असतं, आतलं मांस त्यात तासाभरात तापतं. हातमोजे घाल; यांना तोंडावर फोड आणणारा एक विषाणू होतो आणि तो माणसाच्या हाताला लागतो. मांस कापडी पिशव्यांत, वाऱ्यावर, तंबूपासून लांब, आणि अस्वल पळवायचा फवारा कमरेला. खाण्यासारखं सगळं मांस आणायचं हा कायदा आहे. जातीचा आणि लिंगाचा पुरावा मांसासोबत ठेवायचा, आणि परतल्यावर शिंगं तपासणीला न्यायची, तिथे वलयांवरून वय मोजतात. मुदत आणि तुझ्या पट्ट्याच्या हद्दी या वर्षीच्या नियमावलीत स्वतः वाच. म्हाताऱ्या बोकडाचं मांस चिवट असतं असं लोक नाकं मुरडून सांगतात. रात्रभर दह्यात ठेव, कुकरमध्ये पाऊण तास, आणि मग मालवणी मसाल्याचा रस्सा. आमच्या घरी हाडं चघळायला भांडणं होतात.

तू ज्या मुलखात चालला आहेस तिथे या जनावराला फार जुना मान आहे. हेझल्टनजवळचा रोशे देबूले डोंगर तुला हमरस्त्यावरूनच दिसेल. त्याच्याशी जोडलेली एक कथा गिट्क्सान आणि त्सिमशियन लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. माणसांनी गरजेपेक्षा जास्त बोकड मारले, एका करडाचा छळ केला. मग माणसांच्या रूपात आलेल्या बोकडांनी गावाला डोंगरावर मेजवानीला बोलावलं आणि दरड कोसळवली. वाचला तो एकटाच तरुण, ज्यानं त्या करडाला सोडवलं होतं. ते करडूच त्याला कड्यावरून खाली घेऊन आलं. किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट लोकांची चिलकट वस्त्रं या जनावराच्या लोकरीची आणि सीडरच्या सालीची विणलेली असतात, आणि काळ्या शिंगांचे कोरीव चमचे तू संग्रहालयात पाहिले असशील. मी कातडं भिंतीवर लावत नाही. लोकर इथल्या एका विणकर बाईंना देतो. तुला ठेवायचं असेल तर ठेव, पण आधी विचारून बघ, कुणाला तरी ती हवी असते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, धनुष्यानंही. आणि इथे पाहुणे म्हणून येणाऱ्याला परवानाधारक गाइड किंवा खास परवानगी असलेला सोबती लागतो. वर लिहिलेलं सगळं इथल्या रहिवाशासाठी आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी स्मिदर्सला माझ्या घरी ये, आदल्या रात्रीच ये. धनुष्य, सगळे बाण, दोन्ही दोऱ्या, बूट, आणि ती वही. पहाटे चहाच्या आधी आपण घरामागच्या उतारावर जाऊ. पोतं मी आदल्या दिवशी बांधून ठेवीन, कुठे ते सांगणार नाही. एकच बाण मारायचा.